वरच्याला खाली आणणारा नियम

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे या मनोऱ्याचा एकेक मजला. पण मजल्यांना जोडणारा जिना नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. ही उपमा आपल्या चळवळीत इतकी रुळली आहे की जयंतीच्या भाषणात ती आली नाही तर श्रोत्यांना चुकल्यासारखे वाटते. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मीही ती दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी अर्धीच सांगत आलो, हे मला एका विद्यार्थ्याने दाखवून दिले.

हा विद्यार्थी फुटबॉल खेळतो. वस्तीतला आहे, वडील हमाली करतात. मी मनोऱ्याची उपमा सांगून खालच्या माणसाला वर जाता येत नाही यावर बोलत होतो. तो उठून म्हणाला, "सर, फुटबॉलमध्ये वर जायचा नियम आहे तसा खाली जायचा पण आहे. मग ह्या मनोऱ्यात वरच्यायला खाली आणायचा नियम कामून नाही?" वर्ग हसला. मी घरी येऊन 'मूकनायक'चा तो अग्रलेख पुन्हा काढून वाचला. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. खालच्या मजल्यावरचा माणूस कितीही लायक असला तरी त्याला वर प्रवेश नाही, ही एक; आणि वरच्या मजल्यावरचा कितीही नालायक असला तरी त्याला खाली लोटण्याची कोणाची छाती नाही, ही दुसरी. आपण पहिली पाठ केली आणि दुसरी विसरलो. शंभर वर्षांत आपली सारी मागणी वर जाण्याची राहिली. वरचा खाली का येत नाही, हे आपण क्वचितच विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मी फुटबॉलच्या इतिहासात शोधले. खेळाच्या मैदानात माणसांनी जिना बांधला, त्यावरून ये-जा केली, आणि वर गेलेल्यांनी तो अनेकदा काढूनही घेतला. हा व्यवहार कागदोपत्री नोंदलेला आहे, म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे.

आधी माझे थोडे सांगतो. माझा जन्म लातूर जिल्ह्यातला, किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षीचा, १९९३ चा. वडील सालगडी होते. घरात पदवी घेतलेला मी पहिला. आठवीत असताना शाळेच्या फुटबॉल संघात माझे नाव लागले. तालुक्याच्या सामन्यांना निघताना यादी वाचणाऱ्या गुरुजींनी माझे आडनाव दोनदा वाचले आणि मला राखीव खेळाडूंत टाकले. तीन सामने झाले. मी पाण्याची कळशी आणि बॉलची जाळी सांभाळली. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "खेळलास का?" मी म्हणालो, "राखीव होतो." वडिलांना तो शब्द एकाच अर्थाने माहीत होता. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मंजी तुझी जागा पक्की." मी काही बोललो नाही.

पुढे एम. ए.साठी कोल्हापूरला गेलो आणि तिथे पहिल्यांदा फुटबॉलचा खरा मोसम पाहिला. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. जिथे लाल मातीत कुस्ती शिकवली जाई त्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालते. वरिष्ठ गट, त्याखाली पुढचे गट. तळाला राहिलेला संघ खालच्या गटात जातो, खालच्या गटात अव्वल ठरलेला वर येतो. आता नायजेरियाचे खेळाडूही पैसे घेऊन तालमींकडून खेळून गेले आहेत. पण गर्दी मात्र गल्लीचीच.

मला तिथे नवल वाटले ते तळाच्या संघांच्या सामन्यांचे. मोसमाच्या शेवटी अजिंक्यपद कोणाचे हे ठरून गेलेले असते; पण खाली कोण जाणार हे ठरायचे असते. त्या सामन्याला माणसे जीव मुठीत धरून बसतात. एरवी मिशीला पीळ देणाऱ्या पेठेच्या तोंडचे पाणी पळालेले मी पाहिले आहे. आणि हे सारे चालते ते शाहू स्टेडियमवर. ज्या राजाने २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, ज्याच्या मदतीवर 'मूकनायक' निघाला, त्याच्या नावाच्या मैदानावर दर वर्षी वरचा खाली येतो आणि खालचा वर जातो. जिना नसलेल्या मनोऱ्याचे वर्णन छापायला ज्याने पैसा दिला, त्याच्या नावाने हा जिना चालतो. कोल्हापूरकरांच्या हे ध्यानात आहे की नाही, कोण जाणे.

हा जिना आला कुठून? इंग्लंडात १८८८ साली बारा संघांची साखळी सुरू झाली. कापडगिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या गावांतले हे संघ होते. १८९२ मध्ये त्याखाली दुसरी श्रेणी आली. प्रारंभी चढ-उतार आपोआप होत नसे. वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले अव्वल यांच्यात कसोटीचे सामने होत. एप्रिल १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांचा असा सामना झाला. बरोबरी झाली तर दोघांनाही पहिल्या श्रेणीत जागा, हे दोघांना ठाऊक होते. मग एकानेही गोल करण्याचा प्रयत्न केला नाही. सामना शून्य-शून्य सुटला. वरचा आणि खालचा संगनमत करून दोघेही वर राहिले. या बोभाट्यानंतर कसोटी सामने बंद झाले आणि गुणांप्रमाणे आपोआप चढ-उताराचा नियम आला.

पण हा नियमही सबंध मनोऱ्याला लागू नव्हता. साखळीच्या अगदी तळाशी जे संघ असत, त्यांनी साखळीत राहावे की बाहेर जावे हे मतदानाने ठरे. मते कोणाची? आत असलेल्यांची. बाहेरच्या संघाने कितीही चांगला खेळ केला तरी आतले बहुधा आतल्यालाच निवडून देत. हा प्रकार १९८६ पर्यंत चालला. १९८७ मध्ये प्रथम लिंकन सिटी हा संघ गुणांच्या हिशेबाने आपोआप बाहेर गेला आणि स्कारबरो आत आला. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या देशात सगळ्यांत खालचे दार उघडायला सुमारे शंभर वर्षे लागली. आपल्याकडच्या संस्था, निवड समित्या आणि साहित्यसंस्था यांची आठवण वाचकाला झाली असेल. तिथेही आतल्यांच्या मतानेच बाहेरच्यांची लायकी ठरते.

आता आपल्या देशात या. १९११ साली मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. एक सोडून सारे खेळाडू अनवाणी खेळले होते. तरीही कलकत्त्याच्या साखळी स्पर्धेची पहिली श्रेणी त्यांना लगेच खुली झाली नाही. ते १९१५ मध्ये तिथे पोहोचले. आणि तिथे नियम असा होता की पहिल्या श्रेणीत भारतीय संघ दोनच असावेत. कुमारटुली हा संघ दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊनही या नियमापायी खालीच राहिला. जिना होता, पण त्यावर शिपाई उभा होता.

१९२४ च्या मोसमात ईस्ट बेंगाल संघ वर जाण्यास पात्र ठरला. आधीचे दोन भारतीय संघ, मोहन बागान आणि एरियन, वर होतेच. नियम बदलल्यावाचून तिसऱ्याला जागा नव्हती. प्रश्न बैठकीत आला तेव्हा ब्रिटिश संघांनी तिसऱ्या भारतीय संघाला वाट देण्याचे मान्य केले. विरोध केला तो मोहन बागान आणि एरियन या दोघांनी! अखेर नियम बदलला आणि १९२५ मध्ये ईस्ट बेंगाल पहिल्या श्रेणीत खेळला. तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी साम्राज्याच्या पलटणीला हरवले, त्यांनीच आपल्या मागून येणाऱ्याच्या पायाखालची पायरी ओढली. ही घटना मी आपल्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगतो. कारण वर गेलेला माणूस पायरी ओढतो तेव्हा त्याची जात किंवा धर्म पाहण्याचे कारण नसते. आपल्यातलेही काही जण नोकरी, सदनिका आणि गाडी मिळताच वस्तीकडे पाठ करतात. वस्तीतला मुलगा मुलाखतीला आला की त्याचे उच्चार तपासतात. त्यांना मोहन बागानची ही गोष्ट ऐकवली पाहिजे.

याच ईस्ट बेंगालची पुढची हकिकतही महत्त्वाची आहे. हा संघ १९२८ मध्ये खाली गेला आणि १९३१ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून पुन्हा वर आला. खाली जाणे म्हणजे मरण नव्हे. मोहम्मेडन स्पोर्टिंग हा संघ दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि १९३४ मध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने पहिली श्रेणी जिंकली. तोवर कोणत्याही भारतीय संघाला ते जमले नव्हते. १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे तो अजिंक्य राहिला. ज्यांना दार बंद होते त्यांच्यात किती ताकद होती, हे दार उघडल्यावरच कळले.

जिथे नियमाचा जिना नव्हता तिथे काय झाले, हे पाहायला आपल्याला आपल्याच माणसाकडे यावे लागते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्रिकेट क्लबात मैदानाची कामे करता करता त्यांची गोलंदाजी तयार झाली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला ते हवे होते, कारण त्यांच्यावाचून गोऱ्यांना हरवता येत नव्हते. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चाले, पण मैदानाबाहेर चहाचा पेला वेगळा. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही पुष्कळ झगड्यानंतर. गुण होते, आकडे होते, मग अडले कुठे? गुणांपुढे वरच्याला मान तुकवायला लावील असा नियम नव्हता. जे मिळाले ते कोणाच्या तरी मर्जीने. मर्जीने चढलेल्याला मर्जी सांभाळावी लागते.

आता अगदी अलीकडचा एक मोसम घेऊ. मुंबई एफसी हा संघ २००७ मध्ये निघाला आणि २००८ मध्ये देशाच्या दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन आय-लीगमध्ये गेला. नऊ मोसम तो वर टिकला. त्यातली सात वर्षे खालिद जमील त्याचे प्रशिक्षक होते. मोठी नावे आणि मोठा पैसा नसताना संघाला तळाच्या वर ठेवणे, हे त्यांचे काम. २०१६ मध्ये मुंबईने त्यांना निरोप दिला. ते मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे गेले. ऐझॉल २०१५-१६ मध्ये खाली उतरलेला संघ. गोव्याच्या संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. आदिवासी राज्यातला, बहुतेक घरच्याच पोरांचा हा संघ. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून तो ३७ गुणांसह देशाचा विजेता झाला. मोहन बागान ३६ गुणांवर राहिला. आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली उतरला.

इथवर ही गोष्ट नियमाच्या बाजूने बोलते. पण पुढे पाहा. मुंबई एफसी खाली गेला तो परत आलाच नाही. क्लब बंद झाला, खेळाडूंचे काम गेले. आणि विजेत्या ऐझॉलला वर जायला मजलाच नव्हता. कारण २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली होती आणि तिथली जागा गुणांनी मिळत नव्हती, पैसे मोजून मिळत होती. २०१७ मध्ये तिथे दोन नवे संघ आले, ते दोन मोठ्या पोलाद उद्योगांचे. देशाचा विजेता होता तिथेच राहिला. २०१९ मध्ये क्वालालंपूरच्या बैठकीत जिना बांधण्याचे ठरले. २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले. पण २०२४-२५ चा मोसम संपेपर्यंत त्या स्पर्धेतून एकही संघ खाली उतरवला गेला नव्हता. त्या मोसमात तळाला मोहम्मेडनच होता. त्या क्लबाच्या इतिहासाबद्दल मला आस्था आहे. पण नियम आस्थेवर चालू लागला की त्याची कृपा होते, आणि कृपेचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

यावरून काय दिसते? वर जाण्याला वरच्यांचा विरोध असतोच. पण दारावर फार गर्दी झाली की ते एकदोघांना आत घेतात. त्यांचा खरा विरोध खाली येण्याला असतो. एकदोन जागा वाढवता येतात, स्वतःची जागा सोडता येत नाही. आरक्षणाच्या वादात आपल्याला गुणवत्तेचे धडे दिले जातात. शर्यत खुली असावी, लायक असेल त्याने पुढे जावे, असे म्हटले जाते. माझे म्हणणे इतकेच की हा खेळ मग दोन्ही बाजूंनी खेळा. गुणवत्तेचा नियम खऱ्या अर्थाने मानणाऱ्याला उतरण्याचाही नियम मानावा लागतो. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या हाती मठ, मालमत्ता, संस्था आणि पदे आहेत त्यांचा कोणता मोसम संपला, कोणत्या वर्षी त्यांचे गुण मोजले, आणि तळाला राहिल्याबद्दल कोण खाली उतरले? ज्यांना खाली जावे लागत नाही त्यांनी गुणवत्तेची भाषा बोलू नये.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. बाबासाहेबांना जिना बांधायचा नव्हता, मनोराच पाडायचा होता. मग जिन्याचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. पण ज्या मनोऱ्यात दर वर्षी वरचा खाली येतो आणि खालचा वर जातो, तो तोच मनोरा राहत नाही. फुटबॉलमधली श्रेणी ही जात होत नाही, कारण ती जन्माने ठरत नाही, मोसमाने ठरते. चढती आणि उतरती दोन्ही चालू असली की मजला म्हणजे केवळ या वर्षीचा मुक्काम. आणि मुंबई एफसीची गोष्ट दुसरेही सांगते. खालचा मजला राहण्याजोगा नसेल, तिथे गेलेला संपूनच जात असेल, तर वरचा माणूस जीव तोडून दार लावणारच. म्हणून खालचा मजला माणसाला जगण्याजोगा करणे ही जिना बांधण्याआधीची अट आहे. जातीने खालच्या मजल्याचा खड्डा केला. तिच्या टिकण्याचे ते एक मोठे कारण आहे.

आमच्या लातूर-नांदेडात याचे काय? १९५६ पर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथे सय्यद अब्दुल रहीम या शाळामास्तराने फुटबॉल घडवला. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला. रहीम साहेबांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी गाडी नांदेडवरूनच जाते. पण माझ्या विद्यार्थ्यांना श्रेणींची, चार-सहा महिने चालणारी, चढ-उताराची स्पर्धा खेळायला मिळालेली नाही. त्यांच्या वाट्याला येतात त्या दोन दिवसांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. एक सामना हरला की पिशवी उचलायची.

आमच्या पोरांचे सारे आयुष्यच या बाद पद्धतीने चालते. लातूर पॅटर्नने सारा महाराष्ट्र ओळखतो त्या गावात आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या रस्त्यांवर हजारो मुले एकाच परीक्षेवर आयुष्य लावून बसतात. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे तो पुन्हा बसतो; त्याच्यासाठी ती साखळी स्पर्धा असते. ज्याच्या आईने गळ्यातले मोडून फी भरली, त्याच्यासाठी ती बाद फेरी. मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतो. दर जूनला माझा मोसम नव्याने सुरू होतो आणि मार्चअखेर संपतो. किती चांगले शिकवले याचे गुण कुठेच मांडले जात नाहीत. खाली ढकलण्याची सोय आमच्यासाठी रोजची आहे, वर जाण्याची पायरी मात्र दिसत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी हे सारे एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून सांगितले. ईस्ट बेंगालची १९२८ ची आणि १९३१ ची गोष्ट त्याला आवडली. म्हणाला, "म्हणजे सर, खाली गेलं तरी टेबलात नाव ऱ्हातंय." मी म्हणालो, हो, नाव राहते. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आमचं तर टेबलातच नाही."

आता तो आणि त्याचे चार मित्र वस्त्या-वस्त्यांतले आठ संघ जमवत आहेत. दोन गट करायचे, चार वरचे आणि चार खालचे. पावसाळा संपला की सुरुवात. मोसमाअखेर एक वर जाईल, एक खाली येईल. नियमांचा कागद त्यांनी मला तपासायला दिला. पहिलाच नियम त्याच्या अक्षरात आहे: वरच्या गटातला शेवटचा संघ खाली जाईल, मग तो कोणाचाही असो. मी त्यात एका शब्दाचाही फेर केला नाही.